मदत हवी आहे: शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर घरची ऐपत आणि मुलांचं आकलन कसं मोजावं?

कोलशेत_खाडी

नमस्कार मंडळी. ठाण्यातला आमचा स्वयंसेवकांचा गट शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या 9 पाड्यांवर अंगणवाडीसोबत काम करतो. वस्ती मुख्यतः कातकरी आणि ठाकूर. 3 ते 6 वर्षांच्या साधारण 140 मुलांची पाहणी करायची आहे. घरची ऐपत आणि मुलाचं आकलन यांचा संबंध दिसतो का, दिसला तर तो कुठल्या वाटेने येतो (खाणं, आईचं शिक्षण, घरातलं बोलणं-खेळणं), एवढं कळलं तरी पुढचं काम ठरवता येईल.

सध्याचा बेत असा: जानेवारीत शनिवार-रविवारी कसारा लोकलने आसनगाव, पुढे जीप. रेशनकार्डाच्या रंगावरून आर्थिक गट पाडायचे. मुलांना रेव्हनची रंगीत चाचणी (आकृत्यांमधला तुकडा ओळखायची) द्यायची, बुद्ध्यांक काढायचा आणि गटागटांची सरासरी ताडून बघायची. यात काय चुकतंय? गटात एक समाजकार्याची पदवीधर आणि एक एक्सेल जाणणारा आहे, संख्याशास्त्रज्ञ कोणी नाही.

गणिती_खारघर

रेशनकार्ड सोडून द्या. त्या पाड्यांवर बहुतेक घरांत पिवळं किंवा अंत्योदय कार्डच निघेल, मग तुलना कोणाची कोणाशी करणार? महिन्याचं उत्पन्नही विचारू नका. मजुरी कधी रोख, कधी धान्यात, कधी आधी घेतलेल्या उचलीत वळती. त्यामुळे सांगणारा खरं बोलला तरी आकडा खोटाच निघतो.

मालमत्तेचा निर्देशांक करा. फिल्मर आणि प्रिचेट या अर्थशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये भारताच्याच आकडेवारीवर दाखवलं की खर्च-उत्पन्न न विचारता, घरात काय आहे आणि घर कसं आहे यावरून घरांची उतरंड लावता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले संपत्तीचे पाच गट याच पद्धतीचे. पण त्यांची यादी जशीच्या तशी उचललीत तर फसाल. ती देशभराच्या, शहरासकटच्या घरांसाठी आहे. तिच्यावर तुमची सगळी घरं तळाच्या गटात गोळा होतील.

आणखी एक भानगड म्हणजे योजनांतून आलेल्या वस्तू. पक्की भिंत दिसली की घर बरं, असं आता म्हणता येत नाही. ते शबरी घरकुल असू शकतं, किंवा कातकऱ्यांच्या बाबतीत 2023 च्या अखेरीस सुरू झालेल्या केंद्राच्या जनमन योजनेतलं. गॅसची शेगडी उज्ज्वलाची असते आणि स्वयंपाक चुलीवर चालतो. म्हणून "गॅस आहे का" असं न विचारता "टाकी शेवटची कधी भरून आणली" असं विचारा. भिंतीबद्दल "घर योजनेतलं की स्वतः बांधलेलं" हा वेगळा रकाना ठेवा. घरांत खरा फरक पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात: स्वतःचं भात किंवा नागली वर्षातले किती महिने पुरते, जमीन किती गुंठे आणि ती सातबाऱ्यावर, वनपट्ट्यावर की अर्धेलीने, बैलजोडी, शेळ्या किती, मोटरसायकल, पंखा, लोखंडी कपाट, घराबाहेर झोपावं लागतं का, एका खोलीत माणसं किती. कोंबड्या जवळपास सगळ्यांकडे असतात, त्या मोजून हाती काही लागत नाही.

कृती: प्रत्येक वस्तू 0 किंवा 1. जी 95 टक्क्यांहून जास्त किंवा 5 टक्क्यांहून कमी घरांत आहे ती काढून टाका. उरलेल्या 12 ते 18 बाबींवर प्रिन्सिपल कॉम्पोनंट (अनेक बाबींचा मिळून एक आकडा काढायची संख्याशास्त्रीय रीत) चालवा. ते एक्सेलमध्ये धड होत नाही, पण 'आर' ही संगणकप्रणाली मोफत आहे आणि त्यात दोन-तीन ओळींचं काम आहे. पहिला घटक हा तुमचा निर्देशांक. मग वजनं (त्या आकड्यात प्रत्येक वस्तूचा वाटा) डोळ्यांखालून घाला. एखाद्या वस्तूचं वजन उणे आलं (बैलजोडीचं येऊ शकतं, कारण मोटरसायकलवाली घरं बैल ठेवत नाहीत) तर ते का आलं हे पाड्यावर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. 140 घरांचे पाच गट पाडू नका, एकेका गटात 28 घरं येतील. निर्देशांक सलग आकडा म्हणूनच वापरा, चित्रासाठी फार तर तीन गट.

आता 140 पुरेत का? सहसंबंध (ऐपत आणि गुण किती जोडीने बदलतात; 0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.3 असेल तर 85 च्या आसपास मुलं पुरतात, 0.2 असेल तर 190 हून जास्त लागतात. आणि एकाच पाड्यावरची मुलं एकमेकांसारखी असतात. पाड्यागणिक 15 मुलं आणि पाड्यातलं साधर्म्य 0.1 धरलं तर 140 मुलांचं वजन जेमतेम 58 सुट्या मुलांइतकं उरतं. इलाज म्हणजे तुलना पाड्याच्या आतच करा. ऐपतीवरून गुणांचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणात (रिग्रेशन) प्रत्येक पाड्याला आपला रकाना द्या. कातकरी आणि ठाकूर घरं मिसळून तुलना केलीत तर ऐपतीचा फरक की समाजाच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीचा, हे सुटं करताच येणार नाही.

भातसा_काठ

बाकी सगळं नंतर, आधी तो जानेवारी बदला. बेतातली सगळ्यात मोठी चूक तीच आहे.

भात कापणी झाली, दिवाळी उरकली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, मुलाबाळांसकट. पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाड्यावर कोण सापडेल? ज्याच्याकडे रब्बीला थोडं पाणी आहे, घरात कोणी नोकरीला आहे, किंवा भट्टीला न जाता भागतं असा. सगळ्यात गरीब घरं यादीतूनच गळतील. जी उरतील त्यांच्यात ऐपतीचा फरक कमी, म्हणून संबंधही पुसट दिसेल, आणि तुम्ही लिहाल की ऐपतीने काही फरक पडत नाही.

लावणी आटपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ घ्या. त्यातही गौरी-गणपतीचे दिवस आणि ऐन कापणी टाळा. या काळाची एक अडचण सांगून ठेवतो. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे कणगीत खडखडाट. वजन आणि दंडघेर याच दिवसांत उतरतात. उंची मात्र अशी महिन्या-दोन महिन्यांत हलत नाही, म्हणून कुपोषणाची जुनी खूण म्हणून उंचीवरच भर द्या.

उचल विचारा. घरात मोबाइल, पंखा, लग्नात घेतलेलं कपाट, सगळं दिसेल आणि हे सगळं मुकादमाकडून पुढच्या हंगामाच्या अंगावर घेतलेलं असेल. वस्तू मोजणाऱ्या निर्देशांकाला कर्ज दिसत नाही. रक्कम सांगायला लोक कचरतात. "या वर्षी भट्टीला जायचं ठरलंय का, उचल घेतली का" एवढं हो-नाहीमध्ये विचारलं तर सांगतात.

रविवारी अंगणवाडी बंद असते हेही लक्षात घ्या. सेविकेशिवाय गेलात तर अर्धा दिवस घरं शोधण्यात जाईल. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र आधी घ्या, ग्रामपंचायतीला कळवा, आणि कामाच्या दिवशी जा.

सीवूड्स_बालविकास

चाचणीबद्दल लिहिते.

रेव्हनची रंगीत चाचणी (36 आकृत्या, 12-12 चे तीन संच) साधारण 5 ते 11 वर्षांसाठी आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला दिलीत तर तो बोट ठेवायचं म्हणून ठेवेल. सगळे तळाशी चिकटले की ऐपतवाला आणि बिनऐपतवाला सारखेच दिसतात. शिवाय ती हक्कराखीव आहे, झेरॉक्सवर चालवू नका. रंग बिघडला की आकृतीही बिघडते. लहान वयासाठी सेव्ह द चिल्ड्रन संस्थेची 'आयडेला' ही चाचणी बघा. साडेतीन ते सहा वर्षांसाठी केलेली आहे, भाषा, अंकज्ञान, हात-बोटांचं काम, भावनिक-सामाजिक असे भाग आहेत, आणि सामान म्हणाल तर चित्रं, पेन्सिल, मोजायच्या वस्तू. वापरायला परवानगी घ्यावी लागते. त्यानुसार तुमचा वयोगट 42 ते 72 महिने करा आणि तीन वर्षांची मुलं या फेरीत सोडा.

बुद्ध्यांक काढूच नका. तो काढायला लागणारी मानकं शहरातल्या, बहुधा दुसऱ्याच देशातल्या मुलांची असतात. तुमच्याच मुलांमध्ये वयानुसार जुळवलेला गुण काढा, म्हणजे त्याच वयाच्या मुलांच्या सरासरीपेक्षा हे मूल किती वर किंवा खाली. त्यासाठी वय महिन्यांत आणि अचूक हवं. या वयात चार महिन्यांनी गुण ठळक बदलतात. आधी माता-बाल संरक्षण कार्ड बघा, मग अंगणवाडीचं रजिस्टर. दोन्ही नसेल किंवा दोन्हींत वेगळी तारीख असेल तर आईसोबत सणावारांवरून काढा: आवणीच्या आधी की नंतर, वाघबारशीला पोटात होता की हातात, होळीला रांगत होता का. ज्यांच्या तारखेवर 1 जानेवारी किंवा 1 जून आहे त्यांची तारीख तर पुन्हा विचाराच.

भाषेचं बघा. प्रमाण मराठीत "यातला वेगळा कोणता ते दाखव" म्हटलं आणि मूल गप्प राहिलं, तर त्याला आकृती कळली नाही की प्रश्न, हे कोण सांगणार? आणि ऐपत असलेल्या घरांतली मुलं मराठी जास्त ऐकतात, म्हणजे भाषेची चूक थेट ऐपतीच्या खात्यावर चढते. सूचना कातकरी आणि ठाकरी बोलीत करून घ्या, दुसऱ्या माणसाकडून त्या उलट मराठीत आणा आणि ताडा. चाचणी घ्यायला पाड्यावरचीच बारावी झालेली मुलगी उत्तम, पण स्वतःच्या पाड्यावर नको. घराची माहिती घेणारा आणि मुलाची चाचणी घेणारा वेगळा असू दे. कपाट आणि मोटरसायकल बघून आलेली व्यक्ती नकळत एक संधी जास्त देते. प्रत्येक परीक्षकाच्या वाट्याला सगळ्या पाड्यांतली मुलं येतील अशी वाटणी करा, नाहीतर कडक परीक्षक आणि गरीब पाडा एकच होऊन बसतात. दर दहा मुलांमागे एकाला दुसऱ्या परीक्षकाने शेजारी बसून स्वतंत्र गुण द्यायचे. फरक दिसला की तिथेच थांबून पुन्हा सराव.

वेळ सकाळची, अंगणवाडीतला नाश्ता झाल्यावर. 25 मिनिटांच्या वर नाही. आई मागे बसेल, समोर नाही, कारण समोर बसली की डोळ्यांनी उत्तर सांगते. पहिल्या दोन सराव-प्रश्नांत मूल रुळलं नाही तर त्या दिवशी सोडा आणि "नापास" न लिहिता "झाली नाही" लिहा. कान वाहतोय का, जवळचं-लांबचं दिसतंय का, ते आधी बघा. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला आकलन कमी ठरवणं हा अन्याय आहे.

घरातल्या खेळण्या-बोलण्यासाठी युनिसेफच्या पाहणीतले सहा प्रश्न पुरतात: गेल्या 3 दिवसांत घरातल्या 15 वर्षांवरच्या कोणीही मुलाला पुस्तक दाखवलं का, गोष्ट सांगितली का, गाणं म्हटलं का, बाहेर नेलं का, खेळवलं का, वस्तूंची नावं किंवा मोजणं किंवा रेघोट्या केल्या का. फक्त आईला धरून विचारू नका. आजी आणि मोठी बहीण हेच तिथलं अर्धं बालसंगोपन.

वागळे_इस्टेट_१६

हे सगळं कशाला? गरिबीने मुलं मागे पडतात हे शेंबडं पोरही सांगेल. तेवढ्या पैशांत अंडी वाटा.

गणिती_खारघर

अंडी वाटाच, पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. पॅक्सन आणि शेडी या अर्थशास्त्रज्ञांनी इक्वेडोरमधल्या गरीब कुटुंबांत हेच मोजलं, 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. 3 वर्षांच्या वयात ऐपतीनुसार शब्दसंग्रहातला फरक थोडा होता, 5-6 वर्षांपर्यंत तो बराच रुंदावला. फरक जन्मापासून ठरलेला असता तर वयासोबत असा वाढला नसता. म्हणजे मधल्या वर्षांत काहीतरी घडतं किंवा घडायचं राहतं. ते काय, हे पाड्यागणिक वेगळं असू शकतं.

सीवूड्स_बालविकास

+१. आणि नुसतं अन्न की अन्नासोबत आणखी काही, यावर जमैकाचं काम बघण्यासारखं आहे. 1986-87 मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली 129 खुरटलेली (वयाच्या मानाने उंची कमी) मुलं, वय 9 ते 24 महिने, दोन वर्षं. काहींना आठवड्याला 1 किलो दूधपावडरीचा पूरक आहार, काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर खेळ, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. खेळ मिळालेल्यांची कमाई 22 व्या वर्षी सुमारे 25 टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा तसा लांबचा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ अंडी बंद करा असा मुळीच नाही. आपल्याकडे ओडिशाच्या खेड्यांत आयांना गटात बसवून हेच खेळ शिकवले, तर घरोघरी जाण्याइतकाच उपयोग झाला आणि खर्च कमी आला.

कोलशेत_खाडी

मंडळी, मनापासून आभार. बेत ऑगस्टवर ढकलतोय, रेशनकार्ड आणि बुद्ध्यांक दोन्ही बाद. दोन शंका: रक्तातलं हिमोग्लोबिन तपासावं का? आणि शेवटच्या गणितात ऐपत, आईचं शिक्षण, उंची, खेळ, सगळं एकदम टाकायचं का?

गणिती_खारघर

एकदम टाकू नका. उंची आणि खेळ ही ऐपतीचा परिणाम मुलापर्यंत पोहोचवणारी माध्यमं आहेत. ती आत टाकली की ऐपतीचा आकडा आटतो आणि लोक म्हणतात ऐपतीचा संबंधच नाही. क्रम असा: वय, लिंग, परीक्षक, पाडा आणि ऐपत. मग आईचं शिक्षण. ते माध्यमात येत नाही, कारण बहुधा लग्नाआधीच संपलेलं असतं आणि ऐपत व मूल दोघांवर परिणाम करतं. मग उंची एकदा आणि खेळ एकदा, वेगवेगळे. दर वेळी ऐपतीचा आकडा किती घटला ते लिहा, आणि ही कारणं सिद्ध झाली असं लिहू नका. एका वेळच्या पाहणीतून तेवढं निघत नाही.

सीवूड्स_बालविकास

हिमोग्लोबिन पहिल्या फेरीत नको. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 6 ते 59 महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे 69 टक्के मुलांचं हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या (100 मिली रक्तामागे) खाली होतं. तुमच्याकडे तर जवळपास सगळीच निघतील, मग फरक कशाचा दाखवणार? बोटाला सुई टोचायची तर नैतिक समितीची मान्यता आणि प्रशिक्षित हात लागतो. त्याऐवजी लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिली मिळतंय का आणि जंताची गोळी शेवटची कधी दिली, हे विचारा. नैतिक मान्यता एरवीही घ्याच, जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या समितीकडून. पालकांची संमती बोलीभाषेत वाचून, साक्षीदारासमोर.

कोलशेत_खाडी

आणि एखादं मूल फारच मागे आढळलं तर घरच्यांना काय सांगायचं?

भातसा_काठ

गुण सांगायचे नाहीत, कोणालाच, सेविकेलाही नाही. "अमक्याचा पोरगा मंद" ही बातमी संध्याकाळपर्यंत पाडाभर होते. दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला तर त्याच दिवशी सेविकेला आणि आशाताईंना सांगून ग्राम बाल विकास केंद्राच्या (कुपोषित मुलांना गावातच जादा आहार देणाऱ्या) यादीत घाला. सूज असेल किंवा मूल खातपीत नसेल तर थेट पोषण पुनर्वसन केंद्र. ऐकू-दिसण्याची किंवा वाढीची शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांची पुढची तारीख घेऊन मुलाचं नाव द्या. जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या अंदाजपत्रकात धरा. मजुरी बुडवून, जीपचे पैसे भरून कोणी तालुक्याला जात नाही.

प्रश्नावलीचा मसुदा इथे टाका, बोलीतले शब्द तपासून देतो.