जुना सी कोड जीसीसी १४ वर : पॉइंटरचे एरर कास्ट लावून मिटवायचे का?

कळमेश्वर_कोड

संत्र्याच्या पॅकहाउसमध्ये फळं वजनावर वेगळी करणाऱ्या लाइनचा सी प्रोग्रॅम आहे. वीस-बावीस फाइली, साधी मेकफाइल. आतापर्यंत ३२ बिट उबुंटू १४.०४ वर जीसीसी ४.८ या कंपायलरनं कंपाइल व्हायचा. वॉर्निंग ढिगानं यायच्या, पण बायनरी बनायची आणि चालायची. नवीन मशीनवर डेबियन १३ आहे, ६४ बिट, जीसीसी १४.२. तिथे बिल्डच होऊन नाही राहिलं. एरर चार प्रकारचे:

१. फळ_शोध(आयडी) हे फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये आहे, स्ट्रक्ट फळचा पॉइंटर परत देतं. बोलावलं तिथे इम्प्लिसिट डिक्लरेशनचा (घोषणा न करता फंक्शन वापरल्याचा) एरर, आणि त्याच ओळीवर पूर्णांकातून पॉइंटर बनवल्याचा दुसरा.
२. क्रम लावणाऱ्या क्यूसॉर्टच्या चौथ्या आर्ग्युमेंटवर इन्कम्पॅटिबल (न जुळणारा) पॉइंटर टाइप. माझं तुलना फंक्शन स्ट्रक्ट फळ * असे दोन पॉइंटर घेतं.
३. टाइम(&नोंद.वेळ) वर तोच एरर. वेळ हा इंट आहे, त्याच्या लगेच पुढे इंट ट्रे.
४. ट्रे_भर(ग्रिड) वर तोच. ग्रिड हा इंट [४][८], फंक्शन इंट ** घेतं. आत मात्र त्याला परत इंट * ला कास्ट करून (टाइप जबरदस्तीनं बदलून) प[ओळ*८+रकाना] असं वापरलंय.

शिवाय चार * आणि अनसाइन्ड चार * यांच्या पंचवीसेक वॉर्निंग आहेत.

-एफपर्मिसिव्ह लावलं की कंपाइल होतं, पण पहिलं फळ काट्यावर आलं की सेगमेंटेशन फॉल्ट. मृग बहाराची फळं सुरू व्हायच्या आत लाइन चालू करायची आहे. सगळीकडे कास्ट लावून टाकलं तर चालेल का?

हिंगणारोड६४

कास्ट लावू नका भाऊ, निदान सरसकट तर नाहीच. तुमच्या चार एररपैकी दोन कोड खरोखर बिघडवणारे आहेत आणि दोन नुसत्या घोषणेतल्या चुका आहेत. कास्ट लावला की चारही सारखेच गप्प होतात, मग कोणता कोणता हे शोधायला डीबगर घेऊन बसावं लागतं.

आधी हे आताच का आलं ते. फंक्शन न सांगता बोलवायची मुभा भाषेतून १९९९ च्या मानकातच काढली होती. कंपायलर जुन्या कोडसाठी वॉर्निंगवर भागवत होते. क्लँग या दुसऱ्या कंपायलरनं १५ आणि १६ मध्ये, म्हणजे २०२२-२३ मध्ये, यातल्या बऱ्याच गोष्टींचे एरर केले आणि मे २०२४ च्या जीसीसी १४ नं तेच केलं. -एफपर्मिसिव्ह त्यांना परत वॉर्निंग बनवतं, दुरुस्त काहीच करत नाही.

तुमचा सेगमेंटेशन फॉल्ट पहिल्या एररमधून येतो. घोषणा दिसली नाही की कंपायलर धरून चालतो की फळ_शोध इंट परत देतं. ३२ बिटवर इंट ४ बाइट, पॉइंटरही ४ बाइट, म्हणून इतकी वर्षं निभावलं. ६४ बिटवर फंक्शन पूर्ण ८ बाइटचा पत्ता आरएएक्स रजिस्टरमध्ये ठेवतं, पण बोलावणारा त्यातले खालचे ३२ बिटच उचलतो आणि तेच साइन वाढवून पॉइंटर म्हणून वापरतो. जीडीबी डीबगरमध्ये बघा: फंक्शनच्या आत रिटर्नच्या ओळीवर पॉइंटर ५५५५५५५५९२ए० असा काहीसा दिसेल आणि बाहेर आल्यावर तोच ५५५५९२ए०. वरचा अर्धा पत्ता गेला. तिथे तुमची मेमरी नाही, म्हणून फॉल्ट.

इथे (स्ट्रक्ट फळ *)फळ_शोध(आयडी) असा कास्ट लावला तर दुसरा एरर जाईल, पत्ता मात्र तुटलेलाच राहील, कारण कास्ट लागायच्या आधीच अर्धा पत्ता टाकून झालेला असतो. उपाय एकच: फळ.एच मध्ये
स्ट्रक्ट फळ *फळ_शोध(इंट आयडी);
ही ओळ लिहा आणि ते हेडर दोन्ही फाइलींत घ्या, बोलावणाऱ्या आणि व्याख्या असलेल्या. व्याख्येच्या फाइलीत घेतलं नाही तर उद्या कुणी आर्ग्युमेंट बदललं आणि हेडर तसंच राहिलं तर कंपायलरला कळायचा मार्ग उरत नाही.

एक लक्षात ठेवा, मॅलॉकचं हेडर विसरलं तर जीसीसीवर असा पत्ता तुटत नाही. मॅलॉक हे जीसीसीला स्वतःला ठाऊक असलेलं फंक्शन आहे, त्याचा खरा टाइप तो स्वतःच वापरतो. त्यामुळे एका जागी हेडर नसून चालतं आणि दुसऱ्या जागी कोसळतं, आणि माणूस गोंधळतो. तुमची स्वतःची फंक्शनं त्याला ठाऊक नसतात.

तिसरा एरर तर कास्टसाठी सगळ्यात वाईट. टाइम फंक्शन वेळ ज्या टाइपमध्ये लिहितं तो टाइम_टी ६४ बिटवर ८ बाइटचा. टाइम((टाइम_टी *)&नोंद.वेळ) लिहिलंत तर कंपायलर गप्प बसेल आणि टाइम ४ बाइटच्या जागेत ८ बाइट लिहील. खालचे ४ बाइट वेळमध्ये बरोबर बसतील, वरचे ४ पुढच्या ट्रेवर जातील. आजच्या तारखेत ते वरचे ४ बाइट शून्य असतात. म्हणजे प्रोग्रॅम कोसळणार नाही, वेळही बरोबर दिसेल, फक्त प्रत्येक नोंदीत ट्रे क्रमांक ० पडेल. लोक मग सेन्सरची वायर तपासत बसतात. नीट असं करा:
टाइम_टी आता = टाइम(नल);
नोंद.वेळ = (इंट)आता;
हा कास्ट किमतीवर आहे, पॉइंटरवर नाही, त्यामुळे शेजारच्या जागेला धक्का लागत नाही. पण इंटमध्ये वेळ २०३८ पर्यंतच मावते. जमलं तर वेळचा टाइपच इंट६४_टी करा.

दुसरा : तुलना फंक्शनचा चेहरा क्यूसॉर्टला हवा तसा करा.
इंट तुलना(कॉन्स्ट व्हॉइड *अ, कॉन्स्ट व्हॉइड *ब)
आणि आत पहिल्या दोन ओळीत
कॉन्स्ट स्ट्रक्ट फळ *फ१ = अ; कॉन्स्ट स्ट्रक्ट फळ *फ२ = ब;
सी मध्ये व्हॉइड * मधून घेताना कास्ट लागतच नाही. ही फाइल सी++ म्हणून कंपाइल केली तरच लागेल. फंक्शन पॉइंटरलाच कास्ट करून क्यूसॉर्टला दिलं तरी तुमच्या मशीनवर चालेल, पण मानकाप्रमाणे त्या कॉलला अर्थ नाही. आणि तिथे हात घातलाच आहे तर शेवटची ओळ बघा. वजन अनसाइन्ड असेल आणि तुम्ही नुसती वजाबाकी परत देत असाल तर ती (फ१->वजन > फ२->वजन) - (फ१->वजन < फ२->वजन) अशी करा.

चौथा : फंक्शनचं पॅरामीटर इंट (*ग्रिड)[८] करा, आतला कास्ट काढा, ग्रिड[ओळ][रकाना] लिहा. इंट ** म्हणजे पॉइंटरची यादी, तुमच्याकडे सलग ३२ इंट आहेत. आज चालतं ते आत परत उलटा कास्ट आहे म्हणून. उद्या कुणी आत सरळ ग्रिड[१][२] लिहिलं की ट्रेमधले आकडेच पत्ता समजून वापरले जातील.

गोकुळपेठ_कंपायलर

वरचं सगळं पटलं. त्यात दुरुस्तीच्या क्रमाची भर घालते.

पहिल्यांदा -एफपर्मिसिव्ह -डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा लावून बिल्ड करा आणि सगळा आउटपुट फाइलमध्ये घ्या. त्यातून आधी फक्त इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन वेगळे काढा आणि तेवढेच दुरुस्त करा. परत बिल्ड केलं की इंट-कन्व्हर्जनचे कितीतरी एरर आपोआप गेलेले दिसतील, कारण ते याचीच पोरं असतात. उरलेले इंट-कन्व्हर्जन नंतर, इन्कम्पॅटिबल-पॉइंटर-टाइप्स शेवटी. उलट क्रमानं गेलात तर नसलेल्या चुकांना कास्ट लावत बसाल. सोबत -डब्ल्यूमिसिंग-प्रोटोटाइप्स चालू ठेवा, हेडरमध्ये नसलेलं प्रत्येक फंक्शन ते सांगतं. जे त्या फाइलीपुरतंच आहे त्याला स्टॅटिक लावा.

दुसरं, एका दमात दोन बदल करू नका. आता तुम्ही कंपायलरही बदलता आहात आणि ३२ चं ६४ ही. डेबियनवर जीसीसी-मल्टिलिब पॅकेज टाका आणि आधी -एम३२ लावून ३२ बिटचंच बिल्ड करा. एकाच दिवसाच्या नोंदी जुन्या मशीनवरच्या बायनरीला आणि या बायनरीला द्या, दोन्हींचे आउटपुट डिफनं ताडून बघा. ते जुळलं की -एम३२ काढा आणि परत डिफ करा. ग्रॅममधले पूर्णांक तंतोतंत जुळले पाहिजेत. सरासरी डबलमध्ये असेल तर शेवटच्या अंकात फरक येऊ शकतो, कारण ३२ बिटवर जीसीसी जुनं एक्स८७ युनिट वापरतं, जे आत ८० बिटमध्ये हिशोब करतं. -एमएसएसई२ -एमएफपीमॅथ=एसएसई लावून हा फरक बराचसा जातो.

चार * च्या त्या पंचवीस वॉर्निंग आता सोडू नका. पॉइंटर-साइनचा जीसीसी १४ मध्येही एरर होत नाही, त्यामुळे त्या तशाच राहून जातात. इंटेलवर साधा चार साइन्ड असतो. काट्याच्या फ्रेमची सुरुवात हेक्स एफई असेल आणि बफर चारचा असेल तर बफर[०] ची किंमत उणे २, आणि बफर[०] == हेक्स एफई ही तुलना कधीच खरी होत नाही. एआरएमच्या लिनक्सवर चार अनसाइन्ड असतो, तिथे हीच ओळ चालते. सिरियल पोर्टवरून येणारं सगळं यूइंट८_टी करा, चार फक्त छापायच्या मजकुरासाठी ठेवा. दोन्हींमधली सीमा एकाच फंक्शनमध्ये आणा, हवा तो कास्ट तिथे एकदाच येऊ द्या.

सोबत एखादी जुनी लायब्ररी कॉन्फिगर स्क्रिप्टनं बांधत असाल तर कॉन्फिग.एच जुन्या मशीनवरच्या फाइलीशी ताडून बघा. त्या स्क्रिप्टमधले चाचणीचे छोटे प्रोग्रॅमही याच एररनी पडतात, आणि स्क्रिप्ट समजते की ती सोय सिस्टिममध्ये नाही. बिल्ड बिनबोभाट होतं, सोय मात्र बंद.

कळमेश्वर_कोड

ताई, तुमच्या क्रमानं केलं. घोषणा घातल्यावर इंट-कन्व्हर्जन ४१ वरून ३ वर आले. तिन्ही एकाच ढंगाचे: थ्रेडला लेन क्रमांक द्यायला पीथ्रेड_क्रिएटच्या शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये इंट टाकलाय. तिथे लाँग वापरू का?

हिंगणारोड६४

लाँग लिनक्सवर चालेल, कारण इथे ६४ बिटवर लाँग ८ बाइटचा आहे. ६४ बिट विंडोजवर लाँग ४ बाइटचाच राहिला, तिथे परत हाच प्रश्न. एसटीडीइंट.एच मधला इंटपीटीआर_टी यासाठीच आहे: देताना (व्हॉइड *)(इंटपीटीआर_टी)लेन, थ्रेडमध्ये इंट लेन = (इंट)(इंटपीटीआर_टी)आर्ग. हा कास्ट रास्त आहे.

लूपमधल्या लेनचा पत्ता मात्र देऊ नका. थ्रेड सुरू होईपर्यंत लूप पुढे गेलेला असतो, दोन थ्रेड एकाच लेनवर बसतात.

बुटीबोरी८०५१

काट्याच्या बोर्डवर ८०५१ मायक्रोकंट्रोलर असेल आणि फ्रेमचं हेडर दोन्हीकडे एकच असेल तर त्याच्याकडेही बघा. त्याच्या कायल सी५१ या कंपायलरवरून एसडीसीसी या कंपायलरवर जाताना कोड, एक्सडेटा, आयडेटा या शब्दांना पुढे दोन अंडरस्कोर लागतात. ते मॅक्रोनं भागतं, बाकीचं भागत नाही. जेनेरिक पॉइंटर दोन्हीकडे ३ बाइटचा, पण कायल मेमरीच्या प्रकाराचा बाइट पहिला ठेवतं आणि एसडीसीसी शेवटी. पॉइंटर युनियनमध्ये टाकून त्याचे बाइट काढले असतील तर ते तुटणारच. पूर्णांकही कायलमध्ये मोठा बाइट आधी, एसडीसीसीत लहान बाइट आधी. बफरवर इंट * चा कास्ट करून वजन वाचत असाल तर बोर्डचा कंपायलर बदलताच ३०० ग्रॅमचं फळ ११२६५ ग्रॅमचं होईल, कारण हेक्स ०१२सी उलटून २सी०१ होतं. (यूइंट१६_टी)(ब[०] << ८ | ब[१]) असं बाइट-बाइट जोडा. कंपायलर कोणताही असो, उत्तर तेच येतं. पीसीच्या बाजूलाही असंच करा. जीसीसीत -ओ२ ला तो कास्ट एलिआसिंगच्या (एकाच जागेकडे दोन टाइपनी बघण्याच्या) नियमात अडकतो, आणि तो घोळ फक्त ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्येच दिसतो.

गोकुळपेठ_कंपायलर

पुढे जीसीसी १५ वर जायचं झालं तर अजून एक येईल. तिथे न सांगता सी२३ हे नवं मानक धरलं जातं, आणि सी२३ मध्ये रिकामा कंस म्हणजे एकही आर्ग्युमेंट नाही. इंट (*कॉलबॅक)() अशी जुनी घोषणा असेल आणि तिला इंट घेणारं फंक्शन दिलं तर पॉइंटर टाइपचा एरर. तात्पुरतं -एसटीडी=जीएनयू१७ लावून चालेल, पण आता हात घातलाच आहे तर इंट (*कॉलबॅक)(इंट) लिहून मोकळे व्हा.

कळमेश्वर_कोड

सगळं कंपाइल झालं, -एम३२ चा डिफ रिकामा आला. ६४ बिटवर मात्र जुन्या हंगामाची नोंदींची फाइल वाचली की नोंदींत कचरा येऊन राहिला. स्ट्रक्टमध्ये इंट आयडी, लाँग वजन, चार *नाव, आणि पूर्ण स्ट्रक्ट एफराइटनं लिहिलंय.

हिंगणारोड६४

३२ बिटवर ते ४+४+४, म्हणजे १२ बाइटचं होतं. आता आयडीचे ४, मग ४ रिकामे, वजनाचे ८, पॉइंटरचे ८, एकूण २४. एका नोंदीच्या जागी तुम्ही दोन वाचताय. फाइलसाठी वेगळं स्ट्रक्ट करा: इंट३२_टी आयडी, इंट३२_टी वजन, यूइंट३२_टी जुना_पत्ता. शेवटच्या खान्यातला पॉइंटर तेव्हाही दुसऱ्या वेळी वाचल्यावर निरर्थकच होता, तो वाचून सोडून द्या आणि नाव आयडीवरून शोधा. खाली _स्टॅटिक_असर्ट लावून आकार १२ आहे हे कंपायलरकडूनच तपासून घ्या.

दुसऱ्या फाइलीच्या नोंदीत डबल असेल तर तिथेही असर्ट लावा. स्ट्रक्टमधला डबल ३२ बिट लिनक्सवर ४ बाइटच्या सीमेवर बसतो, ६४ बिटवर ८ च्या. त्यामुळे टाइप सगळे पक्क्या रुंदीचे असूनही मध्ये ४ बाइटची फट पडू शकते.