मदत हवी आहे: मास्क लावून रंग बदलला, पण कडेला जुना पिवळा उरतो

नमस्कार मंडळी,

तान्ह्या पोळ्याच्या पोस्टरसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पिवळी मारबत (नागपुरात त्या दिवशी मिरवतात तो पुतळा) केली आहे. इतवारीतली अरुंद गल्ली, दोन्हीकडे गर्दी, मधोमध मारबत. सायकल्सवर (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायला, साडेनऊ तास लागले. रात्रभर घरातला एकुलता टेबलफॅन मशीनकडे तोंड करून होता. आई सकाळी म्हणाली, "मारबतीले हवा, अन् आम्ही काऊन उकडाचं?" तेव्हा पुन्हा रेंडर नाही.

पिवळा लिंबासारखा आला, मला हळदीचा हवा. ऑब्जेक्ट इंडेक्स पासवरून (प्रत्येक वस्तूला क्रमांक देणारा रेंडरचा थर) आयडी मास्क, म्हणजे फक्त मारबत निवडणारं काळं-पांढरं चित्र, काढला, पीएनजी करून गिम्प या फोटो एडिटरमध्ये लेयर मास्क लावला. अंगाचा रंग छान बदलला, पण कागदी झिरमिळ्यांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात आणि बारीक लिंबू रेघ उरते. मास्क दोन पिक्सेल ब्लर केला तर हळद मागच्या माणसांच्या तोंडाला लागते! आयडी मास्कमधलं अँटी-एलियसिंग (कडा गुळगुळीत करणं) टिक करूनही फार फरक नाही.

रेंडरची फाइल मल्टीलेयर ईएक्सआर (सगळे पास एकत्र ठेवणारी) आहे, ३२ बिट. त्यात क्रिप्टोमॅटही टिक केलेलं दिसतंय, कधी केलं आठवत नाही. त्याचा काही उपयोग?

उत्तर:
भाऊ, वाचलास. इंडेक्स पासमध्ये एका पिक्सेलला एकच क्रमांक मिळतो. कडेच्या पिक्सेलमध्ये मात्र थोडी मारबत, थोडी गल्ली असते. कोणाचा वाटा किती, हे क्रिप्टोमॅट लिहून ठेवतं. आउट ऑफ फोकस झिरमिळ्यांचंसुद्धा. ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये (रेंडरनंतर चित्र सुधारायची जागा) क्रिप्टोमॅट नोड घे, सोर्स 'इमेज' करून तीच ईएक्सआर दे, ड्रॉपरने मारबत उचल. मॅट (म्हणजे मास्क) आउटपुट ह्यू-सॅच्युरेशन (रंगछटा बदलणाऱ्या) नोडच्या फॅक्टरला जोड. ब्लर नको. आणि ही फाइल १६ बिटमध्ये सेव्ह करू नकोस, ओळखक्रमांकच बिघडू शकतात.

धागाकर्ता:
जमलं! झिरमिळ्या एकदम साफ. पण आता पुढच्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर मारबतीचा उजेड पडलाय, तो लिंबूच राहिला.

उत्तर:
तो येणारच. मास्क मारबतीच्या पिक्सेलांचा, तिच्यावरून उडालेला उजेड सदऱ्याच्या पिक्सेलांत. सदऱ्याचं वेगळं मॅट काढ, त्यात मऊ ब्रशने फक्त मारबतीकडची बाजू रंगव आणि ह्यू तेवढाच सरकव. डिफ्यूज इनडायरेक्ट पास (इतर वस्तूंवरून उडून आलेला उजेड वेगळा ठेवणारा) सेव्ह केला असशील तर हाताने रंगवायचीही गरज नाही. केलाय का?