नव्या हाय-परफॉर्मन्स गाडीचे वेटिंग : यादीतील क्रमांक लेखी कसा मिळवावा? (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत राहतो, बेदाण्याच्या व्यापारात आहे आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच केवळ चालवण्याच्या आनंदासाठी एक गाडी बुक केली आहे. तिच्या प्रतीक्षायादीसंबंधी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. प्रश्न अजून मिटलेला नाही आणि मला वाद वाढवायचा नाही, म्हणून गाडीचे व शोरूमचे नाव लिहीत नाही. परदेशातून पूर्ण तयार होऊन येणारी, दोन लिटर टर्बो-पेट्रोल इंजिनाची गाडी आहे, एवढे सांगितले तरी पुरेसे व्हावे.

अशा गाड्या आपल्याकडे किती थोड्या येतात, याची मला बुकिंगआधीही कल्पना होती. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २६ मे २०२५ रोजी सुमारे ५३ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आली, तेव्हा पहिल्या खेपेतील १५० गाड्या किंमत जाहीर होण्याआधीच बुक झालेल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस ४९.९९ लाखांना पुन्हा आणली, ती साऱ्या देशासाठी अवघी १००, आणि तीही हातोहात संपली. युरोपीय किंवा जपानी मानकांत बसणाऱ्या गाड्या इथल्या चाचण्यांची पूर्ण प्रक्रिया न करता प्रत्येक कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत आणण्याची मुभा सरकारने दिलेली आहे. तिच्यामुळेच असे मॉडेल आपल्या रस्त्यावर दिसते आणि मोजक्याच संख्येत दिसते. त्यामुळे थांबावे लागणार हे मी धरूनच चाललो होतो. थांबण्याची माझी आजही तयारी आहे. माझ्यापुढे किती जण आहेत हे मात्र मला कोणी लिहून द्यायला तयार नाही, आणि माझी खरी अडचण ती आहे.

गेल्या दिवाळीत मी तीन लाख रुपये भरून बुकिंग केले. त्या वेळी तोंडी सांगितले गेले की पहिल्या खेपेत आपला नंबर चौथा आहे आणि गाडी साधारण तीन महिन्यांत मिळेल. पावतीवर मात्र क्रमांकही नाही आणि मुदतही नाही. जानेवारीत चौकशी केली, तेव्हा पहिली खेप मोठ्या शहरांकडे वळवल्याचे कळले. त्यानंतर विक्री प्रतिनिधी बदलले. नव्या प्रतिनिधींनी माझा नंबर अकरावा असल्याचे सांगितले आणि पुढे असेही सुचवले की विमा त्यांच्याकडूनच घेतला व ॲक्सेसरीजचे पूर्ण पॅकेज स्वीकारले, तर ‘वरच्यांशी बोलून’ काही करता येईल. चौथ्याचा अकरावा कसा झालो, याचे उत्तर मी तीन वेळा विचारूनही मिळालेले नाही.

या दिरंगाईचा खर्च दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. बँकेने दिलेल्या कर्जमंजुरीची मुदत संपली, त्यामुळे सगळी कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतील. जुन्या गाडीची एक्स्चेंजमध्ये ठरलेली किंमत आता ते मान्य करत नाहीत, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तिचे वय वाढले आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा आमचा बेदाण्याचा हंगाम असतो. त्या दिवसांत शेतकऱ्यांना द्यायला रोख रक्कम हाताशी लागते, म्हणून डाउन पेमेंटचे पैसे किती काळ बाजूला ठेवायचे हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने उभा राहतो. शिवाय बुकिंगच्या अर्जावर ‘डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेली किंमत’ अशी अट आहे. ही अट नेहमीच जाचक असते असे मी म्हणणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा वाट पाहणाऱ्या पुष्कळ ग्राहकांना तिचा फायदाच झाला. परंतु आयात गाडीची किंमत युरोच्या दराशी बांधलेली असते, आणि २०२५ मध्येच युरोने शंभर रुपयांची पातळी ओलांडली, हे विसरून कसे चालेल? किंमत वाढली की तिच्यावरचा रोड टॅक्स, विमा आणि दहा लाखांवरील गाडीला लागणारा एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गाडी विकतानाच आपल्याकडून वसूल केलेला आयकर) हे सारेच वाढते. टीसीएस निदान विवरणपत्रात वळता करता येतो, बाकीचे येत नाही.

घरात या विषयावर दोन मते आहेत. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी तरुणपणी स्कूटरसाठी नाव नोंदवून सात वर्षे वाट पाहिली होती. त्यांचे म्हणणे असे की त्या काळी वेळ लागत असे, पण नोंदणीचा क्रमांक पावतीवर असे आणि तो पुढे सरकलेला दिसत असे. ज्या यादीत आपला आकडाच दिसत नाही तिच्यात पैसे अडकवू नयेत. मुलाचे म्हणणे उलट आहे. आता नाव काढले तर ही गाडी पुन्हा मिळायची नाही, असे तो म्हणतो, आणि तेही मला पटते. टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी महामार्गावर मिळालेली ती दहा मिनिटे मी विसरू शकलेलो नाही.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे. यादीतील क्रमांक आणि खेप लेखी मागण्याचा ग्राहकाला काही अधिकार आहे का, आणि असल्यास ती मागणी शोरूमकडे करावी की थेट कंपनीकडे? दुसऱ्या जिल्ह्यातील शोरूममध्ये गाडी लवकर मिळत असेल, तर पहिले बुकिंग तिकडे वळवता येते का? आणि गाडी मागच्या वर्षाच्या उत्पादनाची निघाली, तर मी काय भूमिका घ्यावी? आज ना उद्या विकताना उत्पादनाचे वर्षच आधी विचारले जाते, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद (सातारा) :

नमस्कार साहेब. मी साताऱ्यात वकिली करतो आणि गाड्यांच्या बुकिंगचे वाद पाहिलेले आहेत. प्रथम, आजवर झालेले सगळे तोंडी बोलणे तारखांसह एका ई-मेलमध्ये लिहून शोरूमला पाठवा, कंपनीच्या ग्राहक विभागाला त्याची प्रत द्या आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत घाला. क्रमांक विचारताना तो कोणत्या तारखेच्या बुकिंगनुसार आहे, हेही विचारा. विमा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. तो त्यांच्याकडून घेण्याच्या अटीवर नंबर पुढे सरकवतो, असे कोणी म्हणाल्यास तेच वाक्य ई-मेलमध्ये नोंदवा. बुकिंग दुसरीकडे वळवणे सहसा होत नाही, कारण प्रत्येक शोरूम हा स्वतंत्र व्यवसाय असतो. तिथे नव्याने पैसे भरून इथले परत घ्यावे लागतात. रक्कम परत देण्यात टाळाटाळ झाली, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, म्हणून तुम्हाला सांगली सोडावी लागणार नाही. गाडी पन्नास लाखांवरची असली तरी मोबदला म्हणून प्रत्यक्ष दिलेली रक्कम पाहिली जाते, त्यामुळे तीन लाखांचे प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत बसते. उत्पादनाच्या वर्षाबाबत, चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना लेखी मिळाल्याशिवाय उर्वरित रक्कम भरू नका.

धागाकर्ता :

मनापासून आभार, वकीलसाहेब. ई-मेलचा मसुदा आजच तयार केला असून त्यात पूर्वीच्या प्रतिनिधींच्या निरोपांच्या तारखाही घातल्या आहेत, कारण ‘चौथा नंबर’ हे शब्द एका निरोपात सापडले. पंधरा दिवसांत लेखी क्रमांक आला तर मी जूनअखेरपर्यंत थांबेन. न आल्यास रक्कम परत मागेन आणि हंगामाच्या व्यवहारात वळवेन. आयात गाडी घेतलेल्या कोणाला पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी चेसिस नंबर लेखी मिळाला असेल, तर तो डिलिव्हरीच्या किती दिवस आधी मिळाला, एवढे कृपया येथे सांगावे.