घरच्या कॉम्प्युटरवर मम्बल सर्व्हर: घरात चालतो, बाहेरून जोडला जात नाही

वाचनवेडी_नाशिक
नाटकांच्या अभिवाचनाचा आमचा आठ जणांचा गट आहे. पाच जण नाशिकचे, दोघे नागपूरला, एक भाची डब्लिनला. मीटिंगच्या ॲपवर तालीम केली की दोन पात्रं एकदम बोलताना एकाचा आवाज दबतो. कुजबुजत म्हणायचं वाक्य तर ॲप गोंगाट समजून गाळूनच टाकतं. अभिवाचनात आवाजाशिवाय हाताशी दुसरं काही नसतं, म्हणून हे फार लागतं.

जुन्या डेस्कटॉपवर (४ जीबी रॅम, उबुंटू) मम्बल (गटाने एकमेकांशी बोलायचं मोफत सॉफ्टवेअर) याचा सर्व्हर टाकला. घरच्या वायफायवर फोनमधल्या मम्ला या मम्बलच्या ॲपमधून आवाज सुरेख येतो. बाहेरून मात्र जोडणीच होत नाही. राउटरमध्ये ६४७३८ पोर्ट (मम्बलची जोडणी आत यायचं दार) डेस्कटॉपकडे वळवलंय. अजून काय बघू?

तारयंत्र
ताई, राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक घरांना वाटते, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग पोर्ट कितीही नीट वळवा, उपयोग नाही.

आणि पोर्ट टीसीपी, यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडलंय ना? यूडीपी बंद असलं तरी मम्बल चालतं, पण आवाज टीसीपीतून जातो आणि नेट जरा अडखळलं की उशीर होतो. संवादाची लय तिथेच मोडते.

वाचनवेडी_नाशिक
१००.७२ ने सुरू होतोय! पोर्ट दोन्ही उघडलेत. स्थिर आयपीचे कंपनी वेगळे पैसे मागते.

सह्याद्री_नोड
आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता) मिळत असेल तर सीजीनॅट आड येत नाही. फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये डेस्कटॉपला परवानगी द्यायची. पण मग आठही जणांकडे आयपीव्ही६ हवं. नाहीतर सगळ्यांच्या यंत्रांवर टेलस्केल टाका, ते यंत्रांना आपसात खाजगी जाळ्यात जोडतं. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं, पोर्ट उघडावं लागत नाही. त्याचाही पत्ता १०० नेच सुरू होतो, तो वॅन आयपी समजू नका.

तारयंत्र
आठ जणांसाठी मीही टेलस्केलच सुचवेन. अपलोडचा वेग मात्र बघून घ्या. आठही माइक सतत चालू असले तर सर्व्हर प्रत्येकाला बाकी सात जणांचा आवाज पाठवतो, म्हणजे ५६ प्रती. ४० किलोबिटचा आवाज ठेवला तर नुसत्या आवाजालाच सव्वादोन एमबीपीएस लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त.

तुमची कुजबुज मात्र मम्बलमध्येही हरवू शकते. प्रत्येकाने नॉइज सप्रेशन (गोंगाट गाळायची सोय) बंद करायचं आणि 'आवाज आल्यावर माइक सुरू' याऐवजी माइक सतत चालू ठेवायचा. त्यासाठी सगळ्यांना हेडफोन सक्तीचे, नाहीतर प्रतिध्वनी येईल. सर्व्हरला पासवर्ड लावा. सुपरयूजरचा (सर्व्हरच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड गटात वाटू नका, तो फक्त खोल्या आणि परवानग्या ठरवायला.

कॉम्प्युटरवरच्या मम्बलमध्ये मल्टिचॅनल रेकॉर्डिंग आहे. प्रत्येक वाचकाची वेगळी फाइल मिळते, नंतर एकेकाला त्याचं वाचन ऐकवता येतं. तालमीसाठी मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

वाचनवेडी_नाशिक
टेलस्केलवर नागपूरचे दोघे पटकन जोडले गेले. सासू-सुनेच्या भांडणाचा प्रवेश घेतला, दोघींचे आवाज एकमेकींवर चढले आणि दोन्ही स्वच्छ ऐकू आले! कुजबुजीतला श्वाससुद्धा कळला. डब्लिनहून किंचित उशीर होतो, म्हणून भाचीकडे निवेदन दिलंय. तिथे कुणाच्या वाक्यावर वाक्य चढवायचं नसतं. रेकॉर्डिंग येत्या रविवारी करतो. दोघांचे मनापासून आभार.