मेपलला गडद अक्रोडी रंग कसा द्यायचा?

लाकूडवेडा: इथे टोरांटोत हार्ड मेपल सहज मिळतं म्हणून त्याचंच टेबल करतोय, पण घरी सगळ्यांना रंग अक्रोडासारखा गडद हवाय, उरलेल्या तुकड्यावर ऑइल स्टेन (तेलात कालवलेला लाकडाचा रंग) लावला तर कुठे काळपट ढग, कुठे पांढरंच. काय करू?

रंधा: मेपलची छिद्रं फार बारीक, स्टेनमधले रंगाचे कण नीट बसत नाहीत आणि जिथे रेषा उलटसुलट जातात तिथे लाकूड जास्त पितं, म्हणून ढग. पाण्यात विरघळणारा डाय, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, घ्या. आधी ओल्या फडक्याने पुसा, वाळून खरखरीत झालं की 220 च्या पॉलिश पेपरने हलकं घासा, मग डाय सढळ हाताने लावून लगेच पुसा. वाळल्यावर रंग अगदी मेल्यासारखा दिसेल, घाबरू नका, फिनिशचा पहिला हात बसला की खुलतो!

पॉलिशवाली: डायवर पातळ डीवॅक्स्ड शेलॅक (मेण काढलेलं लाखेचं पॉलिश) आणि त्यावर जेल स्टेन (जेलीसारखा घट्ट स्टेन), काय सुंदर खोली येते! कापलेली टोकं मात्र 320 पर्यंत घासा, नाहीतर तीच काळी पडतात.

लाकूडवेडा: शेलॅक आधी नको का?

रंधा: डायच्या आधी नको, रंग फिका बसेल. नुसता स्टेन लावणार असाल तर आधी. आणि डाय उन्हाने उडतो, टेबल खिडकीपाशी ठेवणार असाल तर जेल स्टेन हवाच.