डीसी-३ चा जुना स्पेरी ऑटोपायलट: चालू करताच झटका का बसतो?

शेपूटचाक: सिम्युलेटरमध्ये डीसी-३ विमान मूळच्या स्पेरी ऑटोपायलटसह उडवतोय. ऑटोपायलटची तरफ चालू केली की नाक खाली जातं आणि विमान डावीकडे कलतं. ८००० फुटांवर सोडलं तर थोड्या वेळात ७६०० नाहीतर ८३०० दिसतात. शिवाय अर्ध्या तासाने दिशा होकायंत्राशी जुळत नाही. सेटिंग चुकतंय की हा असाच आहे?

जायरोवेडा: झटका सेटिंगमुळे, बाकीचं तो असाच आहे म्हणून!

जायरो (कल आणि दिशा ओळखणारं, वेगाने फिरणारं चाक) काय दाखवतोय आणि नॉबने लावलेला सूचक कुठे आहे, यातला फरक मिटवणं एवढंच याला कळतं. चालू करताना फरक असेल तर तो एका दमात मिटवला जातो. म्हणून क्रम पाळा. आधी विमान हात सोडूनही सरळ राहील इतकं ट्रिम करा (म्हणजे नियंत्रणांवरचा भार काढून टाका). जायरो फिरवणारं सक्शन (हवेचा ओढा) सुमारे ४ इंच पारा आहे ना, बघा. दिशेचा जायरो होकायंत्राशी जुळवून मोकळा करा. मग रडर (दिशेच्या) नॉबने वरचं कार्ड (अंशांची पट्टी) खालच्या, जायरोच्या कार्डाशी जुळवा, एलेरॉन नॉबने कलाचा सूचक आणि एलिव्हेटर नॉबने नाकाचा सूचक आपापल्या जोडीदारासमोर आणा. तिन्ही जुळल्यावरच तरफ हळूहळू चालू करा. तुमच्याकडे बहुधा शेवटचे दोन राहून जातायत.

आणखी एक: उड्डाण थेट हवेत सुरू केलं असेल तर जायरोंना वेग घ्यायला पाचेक मिनिटं द्या.

मंद_चढण: उंचीबद्दल. यात हवेचा दाब ओळखणारा भागच नाही. तो फक्त नाकाचा कोन धरतो, त्यामुळे वर जाणारी हवा मिळाली की विमान त्याच कोनात वर सरकतं. फरक १०० फुटांचा झाला की एलिव्हेटर नॉब अगदी किंचित फिरवा आणि व्हर्टिकल स्पीड (चढ-उताराची गती) स्थिरावेपर्यंत थांबा. काटा हलतोय तोवर पुन्हा फिरवलंत तर लाटा सुरू होतात. इंधन जळतं तसं ट्रिमही बदलतं. ते न पाहता ऑटोपायलट काढलात तर साठलेला सगळा भार एकदम हातात येतो. काढताना योक (हातातलं सुकाणू) धरूनच काढा.

जायरोवेडा: दिशेचं राहिलं. बेअरिंगच्या घर्षणाने जायरो सरकतो, त्यात पृथ्वीच्या फिरण्याची भर: ३० अंश अक्षांशावर तासाला साडेसात अंश. दर १५ मिनिटांनी जुळवा, पण ऑटोपायलट बंद करून. चालू असताना कार्ड फिरवलंत की त्याला तो खराच फरक वाटतो आणि तो रडर देतो.

शेपूटचाक: सूचक जुळवल्यावर झटका गेला, आभार! वळण फक्त रडर नॉबने घ्यायचं का? घसरण दाखवणारा चेंडू बाहेर पळतो.

मंद_चढण: नुसत्या रडरने विमान घसरतच वळणार. आधी एलेरॉन नॉबने ५ ते १० अंश कल द्या, मग चेंडू मधे राहील अशा गतीने रडर नॉब फिरवत राहा. हवी ती दिशा यायच्या थोडं आधी कल काढायला लागा. विमान डावी-उजवीकडे डुलत राहिलं तर त्या नियंत्रणाचा स्पीड व्हॉल्व्ह (ते किती झटपट हलतं ते ठरवणारी झडप) थोडा कमी करा, शून्यावर मात्र नेऊ नका. चौपट वेगाने सिम्युलेशन चालवत असाल तर आधी ते बंद करा. अशा डुलण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.