'नल'ला मराठीत काय म्हणायचं? निरंक चालेल का?

कोरा_रकाना: मंडळी, अडलोय. पावसाच्या नोंदींचं काम आहे. मंडळनिहाय एक्सेल फाइली येतात, त्या आम्ही गूगलच्या बिगक्वेरी या डेटाबेसात चढवतो आणि वर मराठी डॅशबोर्ड. टेबलात जिथे नल (null, म्हणजे किंमतच भरलेली नाही) आहे तिथे पडद्यावर मी 'निरंक' टाकलं. निर् अधिक अंक, अंकच नाही! याहून चपखल काय असणार? तर साहेबांचा फोन: "अहो, त्या दिवशी धो धो पडला होता, निरंक कसा दाखवताय?"

सहीपुरता: साहेब बरोबर आहेत. कचेरीत ३० वर्षं काढली. 'थकबाकी निरंक' म्हणजे थकबाकी नाही, बाब संपली. निरंक अहवालसुद्धा वेळेत पाठवावा लागतो, नाहीतर स्मरणपत्र येतं. म्हणजे निरंक हे उत्तर आहे. तुमच्या नलात कुणी उत्तरच दिलेलं नाही.

रात्रपाळी: +१. आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. चार दिवसांचा पाऊस ४०, ०, निरंक, २० मिमी. निरंक नल धरलात तर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) तो दिवस सोडून देतं, सरासरी २०. शून्य धरलात तर १५. एकाच रकान्यात एका कारकुनाचं निरंक म्हणजे 'पडला नाही' आणि दुसऱ्याचं म्हणजे 'पर्जन्यमापक बंद', मग काय करणार? फाइल चढवतानाच विचारायला हवं होतं.

दमयंती: तुम्ही 'नल'च ठेवलं नाहीत हे नशीब. आम्ही पाणीपुरवठ्याच्या एका कामात ठेवलं होतं. 'नळजोडणी दिनांक: नल'. आमचे नागपूरचे सहकारी नळाला नलच म्हणतात. दोन दिवस ते समजत होते की आमची टायपिंगची चूक आहे.

शुद्धमती: सरळ 'रिक्त' म्हणा. सोपा शब्द असताना ही ओढाताण कशाला? आणि 'डेटाबेस', 'डॅशबोर्ड'... डेटाला मराठीत 'विदा' आहे, तो वापरायला कुणी बंदी केलीय का?

रात्रपाळी: रिक्तमध्ये तोच घोळ. रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल ओरॅकल या डेटाबेसला सारखेच, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसला वेगळे. आमचं टेबल ओरॅकलमधून क्लाउडवरच्या पोस्टग्रेसमध्ये नेताना मधल्या नावाचे नल सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलीतून रिकाम्या स्ट्रिंगा होऊन उतरले. 'इज नल' (नल आहे का) ही अट लावून शोधलं तर एकही ओळ नाही. पहाटे ४ पर्यंत बसलो होतो. दोन्ही 'रिक्त'च ना तुमच्या हिशेबी?

आडवळण: विदा हा शब्द मला कधीच पटला नाही. तो विद् म्हणजे जाणणे यावरून. डेटा लॅटिनमधला, अर्थ 'दिलेलं'. आपल्या 'दा' धातूचा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे डेटाला खरा मराठी शब्द 'दत्त'! रात्री डेटा आणणारी पाइपलाइन बंद पडली की तो दत्त म्हणून समोर उभा राहतोच.

शुद्धमती: थट्टा पुरे. भूमितीच्या पुस्तकात 'पक्ष' आणि 'साध्य' शिकलात ना? पक्ष म्हणजे दिलेलंच. तेव्हा कुणी हसलं नाही.

आडवळण: मग डेटा इंजिनियर काय, पक्ष अभियंता? लोक विचारतील, कुठल्या पक्षाचे!

सहीपुरता: शून्याला जुना मराठी शब्द 'पूज्य'. आमचे वडील म्हणायचे, "अकलेच्या नावानं पूज्य." तो का नाही?

रात्रपाळी: काका, तो शून्यच झाला की. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं. पुढे त्यांनीच सुचवलं की नल दोन करा: माहिती असायला हवी पण मिळाली नाही तो एक, मुळात लागूच होत नाही तो दुसरा. एसक्यूएलनं एकच ठेवला. आपण इथे त्याचंच भोगतोय.

कोरा_रकाना: ते ठीक, पण पडद्यावर काय लिहू?

दमयंती: 'अप्राप्त'. कचेरीतलाच शब्द आहे.

सहीपुरता: अजिबात नको. अप्राप्त दिसलं की खालच्या मंडळ अधिकाऱ्याला खुलासा द्यावा लागतो. बिचाऱ्याचा पर्जन्यमापक बंद पडलाय.

रात्रपाळी: शिवाय लेफ्ट जॉईन करून, म्हणजे एका टेबलाला दुसरं जोडून, नाव जुळलं नाही की नल येतो. तिथे माहिती आलेली असते, फक्त एका फाइलीत 'बुद्रुक' आणि दुसरीत 'बु.' लिहिलेलं असतं. त्याला अप्राप्त कसं म्हणणार?

कोरा_रकाना: बरं, तूर्त आडवी रेघ टाकलीय. सकाळी एका तालुक्यातून फोन: "उणे किती पाऊस, आकडा दिसत नाही."

आडवळण: शुद्धमती, एकच सांगा. तो विदा, ती विदा की ते विदा?

शुद्धमती: तो.

दमयंती: मी तर 'ती' वाचलंय.